आई म्हणते, बरं काका

बेटेगावच्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आणि मोरी आहे. ती मी भाड्याने देतो. घराला बोअर एक, टाकी एक हजार लिटरची, आणि बोअरला पाणी बेताचंच. म्हणून मागच्या नळाचा कॉक मी स्वतः उघडतो आणि स्वतः बंद करतो. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी पंधरा. कॉकच्या वर भिंतीवर एक पाटी टांगली आहे. तिच्यावर उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि टाकीत किती बोटं पाणी उरलं ते खडूने लिहितो. तारापूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं माल तपासणीच्या खात्यात आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते की लग्नाच्या दिवशी मी फक्त अक्षता मोजल्या नाहीत, आणि नेमक्या त्याच कमी पडल्या.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्या खोलीत ओडिशातलं एक कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. नवरा कपड्याच्या गिरणीत बारा तासांच्या पाळीला. त्याला कामापुरती हिंदी यायची, पण तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. बायकोला उडियाशिवाय काही येत नव्हतं. मुलीला गावातल्या मराठी शाळेत दुसरीत घातलं, आणि सहा महिन्यांत ती आमच्या गल्लीतल्या पोरींसारखं मराठी बोलायला लागली. खेळताना "आमी नाय खेलत जा" म्हणायची आणि आमच्याशी शाळेतलं शुद्ध.

तेव्हापासून त्या घराचं सगळं बोलणं तिच्या तोंडून व्हायला लागलं. गॅसवाला, दूधवाला, शाळेचे फॉर्म, बँकेतली सही, पालघरला दाखल्यासाठी मारलेल्या दोन चकरा. दोन्ही चकरा शाळेच्या दिवशी. एकदा कुतूहल म्हणून मी एक आठवडा मोजलं. सात दिवसांत तिला कोणी ना कोणी सतरा वेळा हाक मारली होती, आणि त्यातल्या सहा हाका माझ्या होत्या. हे मी तेव्हा तिच्या कौतुकाचा आकडा म्हणून बायकोला सांगितलं होतं.

तिची एक पद्धत होती. मी काही सांगितलं की ती आधी क्षणभर जमिनीकडे बघायची, मग आईकडे वळून दोन वाक्यं बोलायची. आई उत्तर द्यायची ते मात्र लांब, हातवाऱ्यांसकट. पुन्हा जमिनीकडे बघणं, आणि मग मला निरोप मिळायचा, "आई म्हणते, बरं काका." दोन वर्षांत मला जवळजवळ प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळालं. इतकी समजूतदार भाडेकरीण आपल्याला मिळाली याचा मला अभिमान होता. कारखान्यात डब्याच्या वेळी मी तिचा दाखला द्यायचो.

गेल्या मार्गशीर्षात ती चौथीत होती, तेव्हाची गोष्ट आहे. खरं म्हणजे मार्गशीर्ष लागायचा होता, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. एका गुरुवारी सकाळी सहाला मी कॉक उघडायला गेलो तर मागचा सगळा ओटा धुतलेला. त्यावर तांदळाच्या पिठाच्या ओल्या पांढऱ्या रेषांची रांगोळी होती, वेली, कणसं, आणि पायरीपासून त्यांच्या दारापर्यंत लक्ष्मीची छोटी छोटी पावलं. दारात एका वेताच्या मापात नवं भात शिगोशीग भरून ठेवलेलं, त्याला हळद-कुंकू वाहिलेलं. माप पुजलेलं बघून मला बरं वाटलं. मग टाकी पाहिली. आठ बोटं पाणी कमी होतं. घराच्या पुढच्या बाजूच्या नळाला कुलूप नसतं, तिथून तिने बादल्या नेल्या होत्या.

मी मुलीला हाक मारली. म्हटलं, आईला सांग की मार्गशीर्ष अजून लागलेला नाही. कॅलेंडर बघ, अजून तेरा दिवस आहेत. ज्याने कोणी तिला सांगितलं त्याने चुकीचं सांगितलं. आणि ओटा धुवायचं पाणी वीस मिनिटांच्या हिशेबात धरलेलं नाही, उद्या मलाच अंघोळीला पाणी उरणार नाही.

मुलीने जमिनीकडे पाहिलं आणि आईला एक छोटंसं वाक्य सांगितलं. आईचा चेहरा खुलला. मग माझ्याकडे बघत ती बरंच बोलली. मी शब्द मोजायचा प्रयत्न केला, तीसच्या पुढे गेले तेव्हा सोडून दिलं.

"आई म्हणते, बरं काका," मुलगी म्हणाली.

मी आत येऊन बायकोला म्हटलं की हे प्रमाण बसत नाही. तीस शब्द आत जातात आणि चार बाहेर येतात, बाकीचे कुठे जातात? बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या माहेरच्यांना जे बोलता ते मी बावीस वर्षं असंच पोचवते. काही बिघडलं का आजपर्यंत?"

तो विषय तिथे संपला. पण त्या दिवसानंतर मी मुलीकडे जरा नीट बघायला लागलो. गल्लीत लगोरी चालली असली तरी तिचा एक कान घराकडे असायचा. मी ओट्यावर आलो आणि तिची आई बाहेर दिसली की ती डाव सोडून धावत यायची आणि दोघांच्या मध्ये उभी राहायची, कोणी काही बोललेलं नसलं तरी. तिचं पोटही दुखायचं. एकदा मी मायलेकींना स्कूटरवरून बोईसरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, काय होतंय. तिने सवयीने आईकडे वळून उडियात प्रश्न विचारला, आईने उत्तर दिलं, आणि ती डॉक्टरांना म्हणाली, "ती म्हणते, मुलीच्या पोटात दुखतं. सकाळी जास्त दुखतं."

"मुलगी म्हणजे तूच ना?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मग तुलाच विचारतोय. कुठे दुखतं?"

ती पुन्हा आईकडे वळली. मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोट तपासलं, काही सापडलं नाही, आणि निघताना मला विचारलं की हिला कसली काळजी आहे का. मी म्हटलं, चौथीतल्या मुलीला कसली काळजी असणार?

पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेतल्या बाई मला रस्त्यात भेटल्या. गुरुवारी शाळेची सहल केळव्याला जाणार होती. पट एकोणतीसचा, अठ्ठावीस मुलं येणार, ही एकटी नाही. आई नको म्हणते, असं तिने सांगितलं होतं. समुद्र इथून जवळ, आणि दोन वर्षांत या मुलीने तो पाहिला नव्हता. मी घरी आलो, मुलीला आईसकट बाहेर बोलावलं आणि म्हटलं, आईला विचार, सहलीला का पाठवत नाही?

जमिनीकडे बघणं झालं, उडियात काहीतरी झालं, आणि उत्तर आलं. "आई म्हणते, नको काका. मुलीची तब्येत बरी नसते."

मी मान हलवून आत आलो. बायको सगळं खिडकीतून ऐकत होती. ती मला म्हणाली की तुम्ही कोणाला काय विचारलंत ते एकदा मला सांगा. मी सांगितलं. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मुलीच्या सहलीबद्दल मी तिच्या आईला त्याच मुलीच्या तोंडून विचारलं होतं. तपासणी खात्यात माल बनवणाऱ्यालाच माल पास करायला देत नाहीत. बावीस वर्षं हेच काम करून ते मला सुचलं नव्हतं.

बायको उठली. तिने मुलीला दुकानात पाठवलं, तिच्या आईचा हात धरला, शाळेची चिठ्ठी दाखवली, बसचं चाक फिरवल्यासारखे हात केले, लाटा केल्या, मुलीच्या उंचीचा हात केला आणि मान हलवली. आईला कळलं. सहल आहे हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी दुकानातून परत आली तेव्हा आई दारात उभी होती, आणि पुढची दहा मिनिटं उडियात जे झालं ते मला कोणी सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. मग मुलगी माझ्याकडे आली. डोळे पुसलेले होते.

"मी गेले तर तुमचं बोलणं कोण करणार?" ती म्हणाली.

मी म्हटलं, एक दिवस आम्ही बोलणारच नाही. तिने थोडा विचार केला आणि हे लिहून पाहिजे म्हणाली. लिहिलेल्यावर माझा विश्वास असतो हे तिला माहीत होतं. शेवटी तिनेच लिहिलं. गुरुवारी सकाळी मी मागच्या ओट्यावर गेलो तेव्हा पाटीच्या खाली वहीचं पान चिकटवलेलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे, म्हणून जसाच्या तसा देतो.

"काका आणि आई दोघांसाठी. १. मी सकाळी ७ ला जाणार, संध्याकाळी ६ ला येणार. २. तोपर्यंत एकमेकांशी बोलू नये. ३. पाणी २० मिनिटं आहे हे आईला माहीत आहे, सांगायची गरज नाही. ४. भांडण झालं तर मी आल्यावर करावं."

आईला तिने हे तोंडी सांगितलं होतं. सात वाजता ती गेली. गल्लीच्या टोकाशी तिने वळून पाटीकडे पाहिलं.

माझी त्या दिवशी दुसरी पाळी होती, त्यामुळे मी घरी होतो. आमच्या मार्गशीर्षाचा तो पहिला गुरुवार, बायको कलश मांडायच्या गडबडीत. मागच्या खोलीचा तो तिसरा. पाहुणे येणार म्हणून बायकोने पाणी उशिरा सोडायला सांगितलं होतं, म्हणून कॉक मी नऊला उघडला. नऊ वाजून वीस मिनिटांनी बंद करायला गेलो तेव्हा ओटा अर्धा धुऊन झालेला, अर्धा अजून मातीने भरलेला. बोलायचं नव्हतं, म्हणून मी दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली, वीस, आणि कॉक फिरवला.

"ए भाऊ, बंद नको करू."

मी मागे पाहिलं. ओट्यावर तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"अर्धा वटा रायला हाय, दिसत नाय काय? जेवतो तवा पन मिन्टा मोजतो काय तू?"

मराठी होती, आणि ती साधीसुधी नव्हती. तारापूरच्या बंदराकडून आठवड्यातून तीनदा एक कोळीण टोपली घेऊन आमच्या गल्लीत येते, अकराच्या सुमारास, मुलं शाळेत असतात तेव्हा. मागच्या खोलीतल्या बाईला मासळीशिवाय चालत नाही. दोन वर्षं दोघी टोपलीच्या दोन बाजूंना बसून भाव करत होत्या, आणि त्या भावातून ती मराठी शिकली होती. दुसरी मराठी तिला माहीतच नव्हती. त्यामुळे ती माझ्याशी बोलली ती मी तिला शिळा बोंबील ताजा म्हणून विकत असल्यासारखी.

मी बोट कागदाकडे दाखवलं, दुसरं कलम.

"तो कागद पोरीचा हाय. पोर गेली समुद्र बगाया. तू खोल."

मी कॉक उघडला. त्या दिवशी पाटीवर अठ्ठावीस मिनिटं लिहिली आहेत.

बायको आवाज ऐकून बाहेर आली. मग ओटा धुऊन झाल्यावर आम्ही तिघं पायरीवर बसलो आणि दोन वर्षांचा माल पुन्हा तपासायला घेतला. मी विचारलं की त्या पहिल्या गुरुवारी मी एवढं बोललो, त्यातलं तुम्हाला काय कळवलं? ती म्हणाली, पोरीने सांगितलं की काका म्हणतात रांगोळी फार छान झाली. आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? तिने बायकोकडे पाहिलं, बायकोने मान हलवली.

"मी बोल्ले, या मानसाच्या घरात लक्ष्मी आली, तर तिला पन हा वीसच मिन्टा देल."

बायको इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मला हसायला थोडा वेळ लागला, पण हसलो. मार्गशीर्षाचंही तिने समजावलं. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आमच्याकडे अमावास्येनंतर. पंधरा दिवसांचा फरक त्यातला. आत जाऊन कॅलेंडर घेऊन बसलो, तिचा हिशेब बरोबर होता. ज्याने कोणी तिला सांगितलं त्याने चुकीचं सांगितलं, असं मी म्हटलं होतं. चुकीचं मी सांगितलं होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं नाही हे माझं नशीब, असं मला वाटलं.

पण चार महिन्यांपासून तिला माझं बोलणं, ‘सहल’सारखे शाळेतले शब्द सोडले तर, बहुतेक कळत होतं. पोर गोड करून सांगते हेही कळत होतं. मग गप्प का राहिलात, असं बायकोने विचारलं. त्यावर तिने सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे येण्याआधी ते बोईसरला एका खोलीत होते. तिथला मालक सुक्या मासळीच्या वासावरून बोलला. आई रागाने म्हणाली होती की नाकाला कुलूप लाव. मुलगी तेव्हा सात वर्षांची, नुकतीच दोन शब्द बोलायला शिकलेली. तिने ते शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. आठ दिवसांत खोली सोडावी लागली. टेम्पोत बसल्यावर मुलीने आईला सांगितलं की खोली माझ्यामुळे गेली. त्यानंतर तिने कोणाचंच वाक्य आहे तसं पुढे जाऊ दिलं नाही.

"तिला वाटते, घर तिच्या जिभेवर उबं हाय," आई म्हणाली. "मी बोल्ले असते, तर ती आजून घाबरली असती."

मला त्या सतरा हाका आठवल्या, आणि त्यातल्या माझ्या सहा.

आता तिला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. भांडण झालं तरी खोली जात नाही, हे तिला तोंडाने सांगून पटलं नसतं. शब्दांचं काय करता येतं हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आईनेच तोड काढली. ती म्हणाली, चौथं कलम हाय ना. भांडण पोर आल्यावर करावं. करू.

मी पाळी बदलून घेतली. सहाला मुलगी आली, चपलांत वाळू, फ्रॉकच्या खिशात शिंपले. तिने आधी कागद पाहिला, मग आमची तोंडं.

"बोललात?" तिने मला विचारलं.

मी खोटं बोलू शकलो नाही. म्हटलं, हो. तेवढ्यात आई दारातून बाहेर आली आणि मराठीत म्हणाली की संध्याकाळची पंधरा मिनिटं फारच कमी आहेत, एवढ्यात तर कांदा पण धुऊन होत नाही. मुलगी आईकडे बघतच राहिली. मी म्हटलं की कांद्याला पंधरा मिनिटं लागत असतील तर दोष नळाचा नाही.  मुलगी धावत मध्ये येऊन उभी राहिली.

"आई म्हणते..." तिने सुरुवात केली. पण आई म्हणतच होती, आणि मलाही कळत होतं, त्यामुळे पुढे काय सांगायचं ते तिला सुचेना. आम्ही तिच्या डोक्यावरून सहा-सात मिनिटं भांडलो. ठरवून सुरू केलं होतं, पण मधल्या तीन-चार मिनिटांत ते खरंच झालं, कारण बाई टाकीच्या मापाबद्दल काहीही बोलायला लागली. मुलगी एकदा दाराच्या आतल्या सामानाच्या पेटीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. शेवटी बायको प्रसादाची ताटली घेऊन आली. आईने हात धुतले, प्रसाद घेतला, आत जाऊन त्याच ताटलीत तिच्याकडची खीर घालून आणली आणि माझ्या हातात दिली. वर म्हणाली, खाताना घड्याळ बघू नको.

मुलगी तशीच उभी होती. पेटी जागेवर होती, कोणी टेम्पो आणला नव्हता.

आम्हाला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती दोन दिवस आमच्यापैकी कोणाशी बोलली नाही. शनिवारी सकाळी मी हाक मारली तर म्हणाली, "आईलाच सांगा की. येतं तिला." तिचं काम गेलं होतं, आणि ते घेताना आम्ही तिला विचारलं नव्हतं. तिच्या आईने मला सांगितलं, राहू दे रुसलेली, पहिल्यांदाच रुसली आहे. रविवारी ती लगोरी खेळायला गेली. मी मुद्दाम ओट्यावर उभा राहून तिच्या आईशी मोठ्याने बोललो. तिने एकदा मान वर केली आणि नेम धरला. सातपैकी पाच ठिकऱ्या पडल्या.

सगळं काही सुटलं नाही. पालघरचे कागद अजून तीच वाचते, कारण कोळिणीकडे अर्ज भरायला शिकवत नाहीत. फक्त आता शाळा बुडणार नाही अशा दिवशी मायलेकी जातात आणि मी किंवा बायको बरोबर असतो. पोट दुखल्याचं मात्र मी त्यानंतर एकदाच ऐकलं, आणि तेव्हा तिने कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या.

जानेवारीत एका संध्याकाळी मी कॉक बंद करत असताना ती पाटीसमोर येऊन उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. म्हणाली, "काका, संध्याकाळचं पाणी पाच मिनिटं वाढवा. खेळून येईपर्यंत नळ बंद होतो आणि मला पाय धुवायला पाणी राहत नाही."

बोलताना तिने जमिनीकडे पाहिलं नव्हतं. मी सवयीने विचारलं, "आई म्हणते का?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हणते."

मी म्हटलं, तीन मिनिटं देतो. ती म्हणाली, पाच. मी टाकीचं, बोअरचं, उन्हाळ्याचं सगळं तिला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा पाच म्हणाली. आत तिची आई हसत होती.

पाटीवर आता सकाळी वीस, संध्याकाळी वीस असं लिहिलेलं असतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना दहा जास्त, आणि ते गुरुवार मी पौर्णिमेपासून धरतो.